टाकी, ताट आणि तिकीट

झाशीतील एका मराठी आजोबांच्या गप्पा मोटारसायकलच्या 'अ‍ॅव्हरेज'पासून सुरू होतात आणि थेट अमेरिकेतील निवडणुकीपर्यंत पोहोचतात. वाटेत लागते ते आपले स्वयंपाकघर.

संध्याकाळी झाशीच्या इलाइट चौराह्यावर रिक्षा, मोटारसायकली आणि भाजीच्या पिशव्या घेऊन निघालेल्या माणसांची एकच झुंबड उडते. त्या गर्दीत चहाच्या टपरीवर रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा हमखास दिसतात. नेवाळकरांच्या काळापासून झाशीत मराठी कुटुंबे नांदत आली, त्यांपैकीच त्यांचे एक. घरात मराठी, चौकात हिंदी आणि मते मात्र दोन्ही भाषांत तितकीच ठाम!

सध्या त्यांचा विषय आहे पेट्रोल. नातवाची जुनी मोटारसायकल पूर्वीइतकी पळत नाही, ही घरातली रोजची तक्रार. त्याचे कारण आजोबांना ठाऊक आहे. २०१४ च्या सुमारास पेट्रोलमध्ये जेमतेम दीड टक्का इथेनॉल असे. २०२२ मध्ये ते दहा टक्के झाले आणि २०२५ मध्ये वीस टक्के. पेट्रोलच्या तुलनेत इथेनॉलमधून लिटरमागे सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा मिळते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या दुचाकींचे इंधन तीन ते चार टक्के जास्त जळेल, असे म्हटले होते. म्हणजे नातवाची तक्रार खरी. पण तो सांगतो तितकी मोठी नाही, असा आजोबांचा निकाल.

एका घरात तीन बाजू

खरी गंमत पुढेच आहे. आजोबांचे मेहुणे लातूरकडे ऊस पिकवतात. त्यांना इथेनॉल म्हणजे वरदान वाटते. साखर गोदामात पडून राहिली की उसाचे बिल रखडते. इथेनॉल विकले की कारखान्याच्या हाती पैसा लवकर येतो. परदेशी तेलावरचा खर्च वाचतो, तो वेगळाच.

सूनबाईंचा हिशेब निराळा. २०२३ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटकात पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीती निर्माण झाली आणि डिसेंबरमध्ये सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आणली. ती ऑगस्ट २०२४ मध्ये उठली. दरम्यान कारखान्यांनी मक्याकडे मोर्चा वळवला. मका हे कोंबड्यांचे मुख्य खाद्य. एरवी मका निर्यात करणाऱ्या आपल्या देशाला २०२४ मध्ये तो बाहेरून आणावा लागला. अन्न महामंडळाचा तांदूळही २०२३ मध्ये इथेनॉलसाठी देणे थांबवले गेले आणि २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाले. अंड्यांचा भाव विचारताना सूनबाईंना आता पेट्रोल पंप आठवतो!

आजोबा इथेनॉलच्या विरोधात मुळीच नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच, की मळीपासून करा, काडीकचऱ्यापासून करा. पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला, तसे आणखी निघावेत. माणसाच्या तोंडचा घास मात्र टाकीत जाऊ नये. बुंदेलखंडातले दुष्काळ पाहिलेल्या माणसाला धान्य जाळण्याची कल्पनाच सोसत नाही.

मक्याचे राजकारण

मग हे ठरवते कोण? इथे आजोबा अमेरिकेत पोहोचतात. तिथे अध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाचे सामान्य मतदार निवडतात. १९७२ पासून या निवडीचा पहिला मान बराच काळ आयोवा या छोट्या राज्याकडे होता. आयोवा म्हणजे मक्याचे आगर. साहजिकच तिथे मते मागायला येणारा प्रत्येक जण इथेनॉलचे गोडवे गाऊ लागला. जॉन मॅकेन यांनी इथेनॉलच्या सवलतींना विरोध केला आणि २००० मध्ये आयोवात प्रचारच केला नाही. आज अमेरिकेच्या मक्यापैकी एक तृतीयांशाहून अधिक इथेनॉलकडे जातो. जानेवारी २००७ मध्ये शेजारच्या मेक्सिकोत मक्याच्या पोळ्या, म्हणजे तोर्तिया, महागल्या, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते. त्या महागाईच्या कारणांत इथेनॉलचेही नाव घेतले गेले.

पण याला दुसरी बाजूही आहे. २०१६ मध्ये टेड क्रूझ यांनी इथेनॉलच्या सक्तीला विरोध करूनही आयोवात बाजी मारली. लोकांसमोर उघडपणे बोलले तर लोक ऐकून घेतात, हा धडा आजोबांना त्यातून मिळतो.

आपल्याकडे तिकीट कोणाला, हे बहुधा दिल्लीत ठरते. २०१४ मध्ये काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानातून उमेदवार निवडून पाहिले. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर त्यांत होते. दोन्ही जागा पक्षाने गमावल्या आणि तो प्रयोग मूळ धरू शकला नाही. आजोबांच्या मते एका पराभवावरून अशी रीत मोडीत काढणे चूक. उमेदवारी मागणारे दोघे-तिघे लातूरच्या शेतकऱ्यासमोर आणि झाशीच्या गृहिणीसमोर उभे राहिले असते, तर ऊस, मका आणि तांदूळ यांचा प्रश्न निवडणुकीआधीच चर्चेला आला असता.

तसे पाहता मतदाराला २०१३ पासून 'वरीलपैकी कोणीही नाही' असे सांगण्याची सोय आहे. पंपावरच्या साध्या पेट्रोलला तीही नाही! इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

दिवे लागतात, चहा संपतो. नातू त्याच मोटारसायकलवर आजोबांना न्यायला येतो. वाटेत टाकी भरायची आहे, आणि सूनबाईंनी अर्धा डझन अंडीही सांगितली आहेत. दोन्हींचे पैसे आजोबांच्या पेन्शनमधूनच जाणार. म्हणूनच या विषयावर मत देण्याचा आपला हक्क पक्का आहे, असे ते मानतात.