सापळ्यातला कुत्रा आणि हातातली दोरी

लोखंडी सापळ्यात एक बोटाएवढी पट्टी असते. सापळा उघडा ठेवला की ती त्याचा जबडा दाबून धरते, आणि मधल्या तबकडीवर पाऊल पडलं की निसटते. अमेरिकेतले सापळे लावणारे या पट्टीला काय म्हणतात, माहीत आहे? ‘डॉग’! आपण बंदुकीच्या खटक्याला घोडा म्हणतो ना, तसाच हा सापळ्याचा कुत्रा. अडचण एवढीच, की अलास्का, मिनेसोटा, मोंटानाच्या जंगलात कधी कधी खराखुरा कुत्राही या लोखंडी कुत्र्याची कळ दाबून बसतो.

तिथे केसाळ कातड्यासाठी प्राणी पकडणं बहुतेक राज्यांत कायदेशीर आहे. परवाना काढायचा, मोसम पाळायचा. मोसम असतो शरद संपता संपता आणि हिवाळ्यात. तेव्हाच का? दिवस आखूड होऊ लागले की मिंक, मार्टेन, कोल्हा यांच्या शरीराला ते कळतं आणि नवी दाट लव उगवू लागते. ती उगवत असताना कातडीची आतली बाजू काळसर दिसते, कारण केसांना द्यायचा रंग तिथे साठलेला असतो. लव पूर्ण झाली की तो रंग केसांत गेलेला असतो आणि कातडी पांढुरकी होते. म्हणजे कातडं उलटं करून पाहिलं की प्राण्याचं कॅलेंडरच वाचता येतं! आणि नेमक्या याच दिवसांत कुत्र्यांनाही बर्फात हुंदडायचं असतं.

त्यात कुत्र्याचं नाक. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, त्याच्या नाकात वीस-तीस कोटींपर्यंत. सापळ्याजवळ ठेवलेलं आमिष म्हणजे माशाचं तेल, स्कंकचा दर्प, नाहीतर बीव्हरच्या शेपटीखालच्या पिशवीतला स्राव. (हाच स्राव उंची अत्तरांतही वापरला गेला आहे. माणसाचं नाक तरी कुठे सरळ असतं!) आपल्याला पायवाटेवरून नुसतं पांढरं जंगल दिसतं. कुत्र्याला मात्र तिथे कोणीतरी पंगत मांडल्याचा वास येतो. अशा वेळी ‘ये, ये’ म्हणून हाका मारणाऱ्या मालकाचं कोण ऐकतो?

सापळ्यांत सगळ्यात ओळखीचा तो पाय पकडणारा. न्यूयॉर्क राज्यातल्या स्यूएल न्यूहाउसने तो नावारूपाला आणला. पुढे न्यूहाउस ओनायडा नावाच्या एका धार्मिक वसाहतीत राहायला गेला. १८४८ साली स्थापन झालेल्या या वसाहतीत लोक सगळी मालमत्ता सामाईक ठेवत, आणि त्यांचा प्रपंच चालला तो सापळे विकून. त्याच ओनायडाचं नाव पुढे काट्याचमच्यांसाठी घरोघरी गेलं. जबडा ते जेवणाचा काटा, असा हा प्रवास!

हा सापळा दिसतो भयंकर, पण त्याचं काम मारणं नाही, धरून ठेवणं आहे. आजच्या अनेक सापळ्यांचे जबडे मिटले तरी त्यांच्यात थोडी फट राहते. मिसुरी राज्यात १९८२पासून पाणमांजरं पुन्हा सोडली गेली, त्यांतली बरीच लुइझियानात अशाच सापळ्यांनी जिवंत धरलेली होती. कुत्र्याचा पाय यात अडकला तर पहिलं काम म्हणजे स्वतःचा कोट त्याच्या डोक्यावर टाकणं. दुखावलेला कुत्रा धन्यालाही चावतो. मग जबड्याच्या बाजूचे दोन खटके दोन्ही हातांनी किंवा पायांनी खाली दाबायचे. जबडा सैल पडतो.

रॅकूनचा सापळा तर बघतच राहावा असा. जमिनीत रोवलेली एक अरुंद नळी, तळाशी आमिष. कळ सुटते ती ओढल्यावरच. रॅकूनला आपल्यासारखी चपळ बोटं असतात. बरणीत हात घालून शेंगदाणे काढणाऱ्या पोरासारखा तो आत हात घालतो, चाचपतो, ओढतो. कुत्र्याच्या पंजाला हे जमतच नाही. कुत्र्याला वाचवणारं कुलूप बोटांच्या रचनेत सापडावं, याला काय म्हणावं!

पण खरी भीती तिसऱ्या यंत्राची आहे, आणि त्याची गोष्ट विलक्षण आहे. फ्रँक कॉनिबेअर १८९६ साली इंग्लंडमध्ये जन्मला आणि कॅनडाच्या उत्तरेत अनेक वर्षं सापळे लावून जगला. पाय अडकून तासन् तास तळमळणारे प्राणी पाहून त्याला वाटलं, मारायचंच तर क्षणात मारावं. १९५०च्या दशकात त्याचा सापळा बाजारात आला. दोन चौकोनी चौकटी मधोमध बिजागरीने जोडलेल्या, कात्रीसारख्या. दोन्ही बाजूंना पिळाच्या स्प्रिंगा. मिंकने मान घातली की खटका पडतो आणि खेळ संपतो. दयेपोटी बनलेलं हे यंत्र कुत्र्यांच्या बाबतीत मात्र सगळ्यात क्रूर ठरलं. कुत्रा सापळा लावलेल्या, आमिषाच्या खोक्यात डोकं घालतो आणि चौकटी त्याच्या गळ्यावर मिटतात. त्याची मान जाड, स्नायूंनी भरलेली. म्हणून तो बहुधा त्या क्षणी मरत नाही, गुदमरू लागतो. ही जाड मानच त्याच्या मालकाला काही मिनिटं मिळवून देते.

ती मिनिटं वाया कशी जातात? माणूस चौकटी धरून फाकवायला बघतो. कोणीही तेच करेल. पण प्रत्येक स्प्रिंगच्या टोकांना कड्या असतात. चौकटी मिटल्या की त्या कड्या दांड्यांवरून सरकत पुढे जाऊन घट्ट बसतात. त्या जागी असेपर्यंत पहिलवानालाही चौकट उघडता येणार नाही. दाबायची असते ती स्प्रिंग. आणि तीही नुसत्या हातांनी सहसा दबत नाही.

इथे उपयोगी पडते ती तुमच्या खिशातली वस्तू. कुत्र्याला धरायची साधी नायलॉनची दोरी, लीश. ती एका स्प्रिंगच्या दोन्ही कड्यांतून ओवायची, वळसा घालून पुन्हा त्याच कड्यांतून काढायची. मुठीच्या फासात पाऊल अडकवायचं आणि मोकळं टोक वर खेचायचं. काय झालं? जड ओझं उचलणारी कप्प्यांची जोडी झाली! दोन वळशांत दोरीने तुमचं बळ वाढवलं. कड्या एकमेकींजवळ आल्या की स्प्रिंगचा आकडा लावून ती बंद करायची, मग दुसरी. कुत्रा निपचित पडला असला तरी थांबायचं नाही.

उरला फासा. आपल्याकडे फासेपारधी समाजाच्या नावातच तो आहे. प्राण्याची वाट, त्याची उंची, चालायची ढब वाचता आल्याशिवाय फासा लागत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे फासा लावणं हीदेखील शिकारच मानली आहे. अमेरिकेत तो बारीक पोलादी तारेच्या दोराचा असतो. साध्या पकडीने तो कापायला गेलात तर धागे पिंजतात आणि दोर तसाच राहतो. केबल कापायची कात्रीच लागते. त्याचं कुलूप एकाच दिशेने सरकतं. जितकं ओढावं तितकं आवळतं. काही कुलपं ओढणं थांबताच सैल पडतात.

आता जरा विचार करा, ओढू नये हे कुत्र्याला कोण शिकवणार? दोरीला बांधून चालायची सवय असलेला कुत्रा गळ्याला ताण लागला की थबकतो, बसतो, धनी येईल म्हणून वाट बघतो. ज्याला दोरी माहीतच नाही, तो झटापट करतो. म्हणजे रोज संध्याकाळी बागेत त्याला जे कंटाळवाणं वाटतं, तेच शिक्षण जंगलात त्याचा श्वास चालू ठेवतं. आणि मुळात दोरी गळ्यातच असती, तर तो त्या खोक्यापर्यंत गेलाच नसता. मोंटानात सार्वजनिक जमिनीवरच्या वाटांपासून जमिनीवरचे सापळे निदान पन्नास फूट दूर लावावे लागतात. नेहमीची दोरी असते सहा फुटांची. हिशोब सोपा आहे.

सगळा भार कुत्रेवाल्यांनीच का उचलायचा, हा प्रश्न तिथेही विचारला जातोच, आणि मला तो रास्त वाटतो. न्यू मेक्सिकोत २०१८ साली रॉक्सी नावाची कुत्री फाशात अडकून मेली. २०२१ मध्ये सार्वजनिक जमिनीवर सापळे लावायला बंदी घालणारा कायदा झाला, तो तिच्याच नावाने ओळखला जातो. बाकी बऱ्याच राज्यांत मात्र सापळे आहेत आणि राहतील.

म्हणून अलास्कात कुत्रा सोडवायला शिकवणारे वर्ग भरतात. सापळे लावणारेच कुत्रेवाल्यांना ही कला दाखवतात. घरीही सराव करता येतो, चौकटीचा एक सापळा मिटलेल्या अवस्थेतच विकत आणून. दोरी कड्यांतून ओवून दोन्ही स्प्रिंगा दाबायच्या, आकडे लावायचे. जमलं की पुन्हा एकदा करायचं, या वेळी अंगणात, अंधार पडल्यावर, हातात जाड लोकरी मोजे घालून.