संगणकाच्या पोटात (भाग १४) : चित्र राहतं कुठे?

विंडोजमध्ये एकट्या एका वर्ड फाइलला वेगळं चित्र देता येत नाही. ढीगभर फाइलींमधलं 'अंतिम प्रूफ' तेवढं लाल दिसावं असं कितीही वाटलं, तरी त्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि शोधत बसा, आयकॉन बदलायचं बटण सापडणार नाही. फोल्डरला ते आहे, शॉर्टकटला आहे, फाइलला नाही. कारण साधं आहे. कागदपत्रांच्या फाइलीपाशी स्वतःचं चित्र नसतंच, मग बदलणार काय?

मागच्या भागात आपण एक्स्टेन्शन पाहिलं, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं. चित्राचा सगळा कारभार त्या अक्षरांवर चालतो. नावाच्या शेवटी 'डॉकएक्स' दिसलं की विंडोज रजिस्ट्रीत, म्हणजे स्वतःच्या नोंदवहीत, डोकावते. तिथे त्या एक्स्टेन्शनपुढे फाइलीचा प्रकार लिहिलेला असतो, त्या प्रकाराखाली 'डिफॉल्ट आयकॉन' अशी नोंद असते, आणि त्या नोंदीत कुठल्याशा प्रोग्रॅमचा पत्ता व पुढे एक आकडा. त्या प्रोग्रॅमच्या पोटातलं कितवं चित्र उचलायचं, हे तो आकडा सांगतो. पीडीएफ उघडण्यासाठी तुम्ही दुसरा प्रोग्रॅम नेमलात की संगणकावरच्या झाडून सगळ्या पीडीएफचं रूप एका झटक्यात पालटतं, ते यामुळेच. फाइलींना हातही लागलेला नसतो. (फोटोंच्या छोट्या प्रतिमा दिसतात तो प्रकार वेगळा; तिथे विंडोज फाइल उघडून आत बघते.)

अख्ख्या प्रकाराचं चित्र मात्र बदलता येतं. विंडोज एक्सपीपर्यंत 'फोल्डर ऑप्शन्स'मध्ये 'फाइल टाइप्स' नावाचा टॅब होता आणि हे काम तिथे सरळ व्हायचं. व्हिस्टामध्ये तो टॅब काढून टाकला. तेव्हापासून एकतर रजिस्ट्रीत स्वतः हात घालायचा, नाहीतर निरसॉफ्टचं 'फाइलटाइप्समॅन' हे फुकट मिळणारं साधन वापरायचं. रजिस्ट्रीची सवय नसेल तर दुसरी वाट धरा. एका चित्रापायी रजिस्ट्रीत चुकीची ओळ पुसून बसण्यात शहाणपण नाही.

एकाच फाइलीवर जीव असेल तर तिचा शॉर्टकट करा. शॉर्टकट ही स्वतंत्र छोटी फाइल असते, आणि तिच्यात चित्राचा पत्ता लिहायला जागा राखलेली असते. कोपऱ्यातला बाण तेवढा सोबत येतो.

खरी मजा फोल्डरमध्ये आहे. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'कस्टमाइझ' टॅब, सगळ्यात खाली 'चेंज आयकॉन'. समोर चित्रांची आडवी पट्टी उघडते. ती शेल३२ नावाच्या डीएलएल फाइलीतली. वरच्या चौकटीतलं नाव खोडून 'इमेजरेस' डीएलएलचं नाव दिलंत तर व्हिस्टानंतरची जास्त नेटकी चित्रं मिळतात. 'मोरआयकॉन्स' डीएलएल उघडलीत तर विंडोज ३.१ च्या जमान्यात डॉस प्रोग्रॅमसाठी काढलेली चित्रं दिसतील. ती कोणी वापरत असेल असं वाटत नाही, पण एकदा बघून घ्यावीत.

ओके म्हटल्यावर विंडोज त्या फोल्डरच्या आत 'डेस्कटॉप डॉट आयएनआय' नावाची लपवलेली फाइल ठेवते. लपवलेल्या आणि सिस्टीमच्या फाइली दिसतील अशी सोय केली तर ती नोटपॅडमध्ये उघडते. आत जेमतेम दोन ओळी: वर चौकटी कंसातलं शीर्षक, खाली 'आयकॉनरिसोर्स' बरोबर चित्राच्या फाइलीचा पत्ता, स्वल्पविराम आणि आकडा. मोजणी शून्यापासून होते, म्हणजे पहिल्या चित्राचा आकडा ०. आकड्यापुढे उणे चिन्ह असेल तर मात्र तो क्रमांक राहत नाही, त्या चित्राची फाइलीतली ओळख बनतो.

विंडोज आणखी एक गोष्ट गुपचूप करते. त्या फोल्डरला 'रीड ओन्ली' अशी खूण लावते. फोल्डरच्या बाबतीत या खुणेचा लिहिण्या-न-लिहिण्याशी काही संबंध नाही. फाइली आत टाकता येतात, काढता येतात. 'या फोल्डरमधली आयएनआय वाचून बघ' एवढाच निरोप ती एक्सप्लोररला देते. कोणी साफसफाईच्या भरात ती खूण काढली की आयएनआय जागच्या जागी असूनही फोल्डर पुन्हा पिवळा होतो, आणि बिघडलं काय ते कळत नाही.

स्वतःचं चित्र लावायचं तर आयसीओ फाइल लागते. पीएनजीचं नाव बदलून शेवटी आयसीओ लिहिलं म्हणजे आयकॉन तयार झाला असं होत नाही. आयसीओ हा अनेक चित्रांचा गठ्ठा असतो: तेच चित्र १६, ३२, ४८ आणि २५६ पिक्सेलचं, वेगवेगळं साठवलेलं. रुंदीसाठी या फाइलीत एकच बाइट राखलेला आहे. एका बाइटमध्ये २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही, म्हणून २५६ ची रुंदी चक्क ० अशी नोंदवतात. पेंटमध्ये आयसीओ जतन करायची सोय नाही. गिंप या मोफत प्रोग्रॅममध्ये आहे, आणि तिथे प्रत्येक लेयर म्हणजे गठ्ठ्यातलं एक चित्र.

मोठं चित्र आपोआप लहान होऊ देऊ नका. २५६ मध्ये झोकात दिसणारा गणपती १६ मध्ये शेंदरी ठिपका होतो. लहान माप वेगळं काढावं लागतं, कमी रेघांत. १९८४ च्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअर यांनी आयकॉन काढले ते चौकटींच्या वहीत, ३२ बाय ३२ घरं एकेक करून भरत. आजही १६ पिक्सेलसाठी याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

तयार केलेली आयसीओ 'डाउनलोड्स'मध्ये पडू देऊ नका. पुढे कधीतरी ते आवराल आणि फोल्डरचं चित्र जाईल. ती त्याच फोल्डरमध्ये लपवून ठेवा आणि आयएनआयमध्ये नुसतं फाइलीचं नाव लिहा. मग फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकला तरी चित्र सोबत जातं. बदल लगेच दिसला नाही तर घाबरू नका. विंडोज जुनी चित्रं साठवून ठेवते आणि काही वेळ तीच दाखवते. संगणक बंद करून चालू केला की बहुधा काम होतं.

मॅकवाल्यांना यातलं बरंचसं करावं लागत नाही. १९९१ च्या सिस्टीम ७ पासून कुठलीही एकटी फाइल निवडून 'गेट इन्फो' उघडायचं, कोपऱ्यातल्या चित्रावर क्लिक करून दुसरं चित्र पेस्ट करायचं. मॅकमध्ये फाइलीला दोन कप्पे असतात आणि चित्र दुसऱ्या कप्प्यात राहतं. तीच फाइल आपल्याकडच्या पेन ड्राइव्हवर आली की दुसरा कप्पा सुटा होतो आणि टिंब व अधोरेषेने सुरू होणारी एक अनोळखी फाइल शेजारी उगवते. ती व्हायरस नाही. लिनक्सवर ग्नोम हा डेस्कटॉप असेल तर प्रॉपर्टीजमधल्या चित्रावर क्लिक केलं की झालं.

आता या सगळ्याची काळी बाजू. कागदपत्रांना स्वतःचं चित्र नसतं, पण प्रोग्रॅमला असतं, त्याच्या फाइलीतच भरलेलं. आणि ते कोणतं भरावं यावर बंधन नाही. २००७ च्या आसपास सायबर कॅफे आणि झेरॉक्सच्या दुकानांत पेन ड्राइव्ह लावणाऱ्यांना 'न्यू फोल्डर डॉट एक्सई' आठवत असेल. पिवळ्या फोल्डरचं चित्र पांघरलेला प्रोग्रॅम. एक्स्टेन्शन दडवण्याची सोय विंडोजमध्ये मुळातच चालू असल्यामुळे नाव दिसायचं 'न्यू फोल्डर', आणि उघडायला गेलं की व्हायरस चालू. २००८ च्या कॉन्फिकर या वर्मने हीच युक्ती पेन ड्राइव्ह लावल्यावर येणाऱ्या खिडकीत वापरली: फोल्डरचं चित्र, फोल्डर उघडण्याचं आमंत्रण, आणि त्यामागे वर्म.

२०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या वर्मने तर क्लिकचीही गरज ठेवली नाही. कंट्रोल पॅनेलच्या काही शॉर्टकटचं चित्र दाखवण्यासाठी विंडोजला एक डीएलएल (तिच्यात चित्रांसोबत कोडही असू शकतो) चालवावी लागायची. स्टक्सनेटच्या शॉर्टकटने स्वतःच्याच डीएलएलचा पत्ता दिला. फोल्डर नुसता उघडला, चित्र आणायला विंडोज धावली, आणि आत भरलेला कोड सुरू झाला. रोख इराणच्या नतांझ अणुप्रकल्पावर होता, पण पसरताना इराण, इंडोनेशियापाठोपाठ भारतातही त्याची लागण मोठी होती. मायक्रोसॉफ्टने २ ऑगस्टला दुरुस्ती आणली. तोवरचा तात्पुरता उपाय होता शॉर्टकटची चित्रं दाखवणंच बंद करायचं. ज्यांनी तो केला, त्यांच्या डेस्कटॉपवर सगळे शॉर्टकट सारखेच पांढरे दिसू लागले.

तेव्हा फोल्डर रंगवायच्या आधी एक्स्टेन्शन दिसू द्या. विंडोज ११ मध्ये 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'. जुन्या विंडोज १० मध्ये 'व्ह्यू' टॅबवरच चौकट आहे.

(पुढील आठवड्यात : रिसायकल बिनमधून पुसलेली फाइल खरंच पुसली जाते का?)