'आम्ही लढलो' म्हणजे कोण लढलं?

चळवळीतल्या माणसाने स्वतः लिहिलेल्या आठवणी वाचायच्या कशा, हा आजचा विषय. मराठीत एक सोय आहे बघा. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. आठवणी लिहिणारा बहुधा 'आम्ही' लिहितो. त्या 'आम्ही'त कोण धरलंय आणि कोण नाही, हे मात्र तो सांगत नाही. त्याला तशी गरजच वाटत नाही.

नांदेडचंच घेऊ. हैदराबाद मुक्तिसंग्रामात निजामाच्या हद्दीबाहेर कॅम्प होते, आपल्याला जवळचा उमरखेडचा. जानेवारी १९४८ मध्ये उमरीची बँक लुटली, ती चळवळीला पैसा हवा म्हणून. आमचे आजोबा ही गोष्ट सांगायला लागले की आम्ही पोरं ताटावर हात तसाच ठेवून ऐकायचो. निजामाच्या लेखी तो दरोडा, आजोबांच्या लेखी पराक्रम. हा पक्षपात उघड दिसतो, म्हणून तो फारसा फसवत नाही. आणि रझाकारांनी गावं लुटली होती, माणसं मारली होती. आजोबांचा राग काही उसना नव्हता.

फसवतो तो गोष्टीचा शेवट. १३ सप्टेंबरला फौजा शिरल्या, १७ ला निजाम शरण आला, तिरंगा लागला, संपलं. पुढे काय झालं विचारलं की आजोबा म्हणायचे, "पुढं काय, घरी आलो." आम्हीही कित्येक वर्षं तिथेच थांबलो.

त्यानंतर केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती संस्थानात पाठवली. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा तिचा अंदाज. त्यांत बहुतेक मुसलमान. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. तिथे कत्तल वीस दिवसांहून जास्त चालल्याचं अहवाल सांगतो. हा अहवाल कित्येक दशकं बाहेर आलाच नाही. म्हणजे आजोबांची गोष्ट जिथे संपत होती, तिथे लातूरच्या पेठेतल्या कुणाची तरी सुरू होत होती. आजोबा खोटं बोलत नव्हते. ते फक्त १८ तारखेबद्दल बोलत नव्हते.

मग 'आपण' लिहिलं की प्रश्न सुटतो का? उलट तिथे जास्त सावध राहावं लागतं. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि दंगली पेटल्या. नांदेड जिल्ह्यात दलित वस्त्या जळाल्या, टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना ठार मारलं. नामांतराला विरोध करणारे 'आपली मराठवाड्याची अस्मिता' म्हणत होते. ज्याचं घर जळालं तोही मराठवाड्याचाच होता की! पण त्या 'आपल्या'त तो नव्हता. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला.

तेव्हा घरात अशी एखादी जुनी वही असेल तर ती फेकू नका, आणि तिची पूजाही करू नका. तिचं पहिलं आणि शेवटचं पान कोणत्या तारखेचं आहे ते आधी बघा. मग त्याच गावात त्याच्या दुसऱ्या दिवशी काय झालं, हे दुसऱ्या गल्लीत जाऊन विचारा.