खेड्याच्या मताला जादा वजन?

मुरूड तालुक्यातलं आगरदांडा पूर्वी कुलाबा मतदारसंघात होतं. 2009 पासून ते रायगडमध्ये आहे. हा फरक केवळ नावाचा नाही. 2008 च्या पुनर्रचनेत कुलाबा, रत्नागिरी आणि राजापूर या तीन जागांच्या रायगड व रत्नागिरी-सिंधुदुर्ग अशा दोनच उरल्या. तिकडे ठाणे, डहाणूच्या जागी ठाणे, कल्याण, भिवंडी, पालघर अशा चार आल्या. कोकणातला माणूस पोटासाठी मुंबई-ठाण्याकडे गेला, आणि त्याच्यामागून खासदारकीही गेली म्हणा ना!

कारण साधं आहे. राज्यात प्रत्येक खासदारामागे शक्य तितकी सारखी लोकसंख्या असावी, असं घटनेचं कलम 81 सांगतं. त्या वेळी हिशेब 2001 च्या जनगणनेवर झाला.

मग खेड्यातल्या मताला जादा वजन द्यावं का? अपवाद आपल्याकडे आहेत. लक्षद्वीपची लोकसंख्या 2011 मध्ये जेमतेम 64 हजार होती, तरी तिथे एक खासदार आहे. पण ती समुद्रातली बेटं. खेड्याची हद्द कुठे आखणार? पनवेलजवळची कामोठे, कळंबोली ही कालची खेडीच. वसाहती उठल्या की तिथलं वजन काढून घ्यायचं?

शिवाय धारावीतल्या कामगाराचं मत खेड्यातल्या बागायतदाराच्या मतापेक्षा हलकं का ठरवायचं? मला ते पटत नाही. आगरदांड्याची खरी अडचण पाणी, रस्ता, दवाखाना यांची आहे. त्यासाठी 1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने बळ दिलेल्या ग्रामपंचायतीच्या हाती पुरेसा पैसा आणि अधिकार हवेत.