कठीण खेळाची कसोटी

परीक्षेचा पेपर हातीं पडतांच "फार कठीण आहे!" असा उद्गार नेहमीं कानीं येतो. परंतु जें कठीण तें वाईटच काय? या प्रश्नाचा विचार आज एका व्हिडिओ गेमच्या आधारें करूं. विषय पाहून कित्येक पालकांच्या कपाळास आठ्या पडतील, हें मी जाणतों. तथापि मुलांस जें आवडतें त्याची पारख करण्यास शिकविणें, हेंहि शिक्षकाचेंच काम होय.

जपानांतील निन्टेन्डो कंपनीनें १९८५ सालीं 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ काढला. मारिओनें धांवत जावें, खड्डे ओलांडावे, शत्रूंस उडी मारून तुडवावें आणि राजकन्येस सोडवावें, एवढेंच त्याचें कथानक. आरंभींच एक शत्रु सावकाश समोरून येतो. जो उडी मारीत नाहीं तो मरतो, व दुसऱ्या खेपेस आपोआप उडी मारतो. पुढें एक अळंबें मिळतें; त्यानें मारिओ मोठा होतो. असा हा खेळ खेळतां खेळतांच शिकवितो.

त्याचा दुसरा भाग जून १९८६ मध्यें जपानांत निघाला. पहिल्या भागांत जे तरबेज झाले, त्यांच्यासाठींच तो रचिला होता. यांत मारिओचा भाऊ लुईजी अधिक उंच उडतो, पण थांबतांना घसरतो. कोठें वारा उडी लांबवितो. कोठें अदृश्य ठोकळा असतो. त्यावर डोकें आपटून खेळाडू खड्ड्यांत पडतो. अळंब्यासारखेंच दिसणारें एक विषारी अळंबेंहि आहे. पहिल्या भागांतील गुप्त वाटा पुढच्या जगांत नेत. येथें तिसऱ्या जगांतील एक वाट उलट पहिल्या जगांत आणून सोडते!

आतां याची परीक्षा करूं. लुईजीचें घसरणें व वारा हीं संकटें न्याय्य आहेत, कारण त्यांचा नियम दिसतो आणि सरावानें तो साधतो. जो एकहि गुप्त वाट न वापरतां आठ जगें ओलांडतो त्यास नववें जग लाभतें, हेंहि मला फार आवडलें. परंतु अदृश्य ठोकळ्याची पूर्वसूचना कांहींच नाहीं. तेथें कौशल्य हरत नाहीं, केवळ अज्ञान हरतें. माझ्या मतें हा भाग रचनेंत बुद्धिमान, पण कांहीं जागीं खोडकर आहे.

अमेरिकेंतील निन्टेन्डोनें तो अति कठीण मानून तेथें काढला नाहीं. १९८७ सालच्या 'डोकी डोकी पॅनिक' या जपानी खेळांत मारिओ व त्याचे सोबती घालून १९८८ सालीं तोच दुसरा भाग म्हणून दिला. मूळ भाग तेथें १९९३ सालीं 'द लॉस्ट लेव्हल्स' या नांवानें पोंचला. त्यांत खड्डे व शत्रु तेच होते. मात्र ज्या टप्प्यापर्यंत पोंचलों तेथूनच पुन्हां आरंभ करण्याची सोय झाली, आणि विषारी अळंब्यावर कवटीसारखें चित्र आलें. काठिण्य राहिलें, शिक्षा सौम्य झाली व सूचना स्पष्ट झाली.

येथें मला माझीच एक चूक आठवते. एकदां मीं पेपरांत पाठ्यपुस्तकांतील एका तळटीपेवर मोठा प्रश्न घातला. वर्गांतील एकासहि उत्तर आलें नाहीं. मीं मनांत म्हटलें, मुलें आळशी आहेत. पण दुसऱ्या दिवशीं एक अभ्यासू मुलगा खालीं मान घालून म्हणाला, "सर, मला गणित जमणारच नाहीं." तेव्हां उमगलें कीं, मीं अदृश्य ठोकळा ठेविला होता, आणि दोष मात्र तो स्वतःस देत होता.

म्हणून मुलांनो, एखादें काम जमलें नाहीं तर प्रथम विचारा : चूक कोठें झाली हें मला दिसलें काय? दिसलें असेल तर पुन्हां यत्न करा. तें काठिण्य तुमचें मित्र आहे. दिसलें नसेल तर गुरुजनांस निःसंकोच विचारा, पण स्वतःस मूर्ख म्हणूं नका. आणि पालकहो, मूल पडद्यापुढें बसलें असतां घटकाभर शेजारीं बसून पाहा. दहा वेळां पडूनहि तें अकराव्या वेळीं कां उठतें, हें समजलें तर त्याचा अभ्यास घेणेंहि सोपें जाईल.