नकाशावरचा ठिपका किती खरा?

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात पॉटविन नावाचे छोटे गाव आहे. त्याच्या जवळच्या एका शेतघरी अनेक वर्षे अनोळखी माणसे येऊन थडकत होती. कधी पोलीस, कधी एफबीआयचे अधिकारी, कधी घर सोडून गेलेल्या मुलाच्या शोधात निघालेले लोक. घरात राहणाऱ्यांवर ऑनलाइन फसवणुकीचे आरोप झाले, धमक्याही आल्या. त्यांनी मात्र काहीच केले नव्हते. याचे कारण २०१६ मध्ये काश्मीर हिल या पत्रकार महिलेने शोधून काढले. ते समजून घ्यायचे, तर संकेतस्थळाला आपला पाहुणा कुठून आला हे कसे कळते, ते आधी पाहायला हवे.

आपण एखादे पान उघडतो, तेव्हा आपला आयपी पत्ता त्या संकेतस्थळापर्यंत पोहोचतो. तो नसेल, तर पान परत कुठे पाठवायचे हेच कळणार नाही. पण ०२० पाहिले की पुण्याचा फोन ओळखता येतो, तसा गावाचा संकेत या पत्त्यात नसतो. जुन्या पद्धतीचे असे पत्ते जेमतेम ४२९ कोटी. जगातल्या पाच प्रादेशिक संस्था ते इंटरनेट कंपन्यांना वाटून देतात; आशिया-प्रशांत विभागाचे काम ब्रिस्बेनमधली ‘एपनिक’ पाहते. कोणता गठ्ठा कोणत्या देशातल्या कंपनीला दिला, याची नोंद सर्वांसाठी खुली असते. म्हणून देश बहुतेक वेळा बरोबर निघतो.

शहराचा मात्र अंदाजच बांधावा लागतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. संदेश जाऊन उत्तर यायला दहा मिलिसेकंद लागले, तर समोरचे यंत्र हजार किलोमीटरच्या आतच असणार. अशी मोजमापे, वाटेतल्या राउटरांची नावे आणि कंपन्यांनी स्वतः दिलेली माहिती जुळवून व्यावसायिक याद्या तयार होतात.

मोबाइलने हा अंदाज आणखी अवघड केला. जुन्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. तेव्हापासून एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवण्याची पद्धत फोफावली. त्या सर्वांची वाहतूक कंपनीच्या मोठ्या केंद्रातून बाहेर पडते. त्यामुळे गडचिरोलीतला वाचक संकेतस्थळाच्या आकडेवारीत मुंबईकर म्हणून दिसू शकतो, आणि व्हीपीएन वापरणारा तर थेट परदेशीही ठरू शकतो.

आता कॅन्ससकडे वळू. मॅक्समाइंड ही कंपनी अशीच यादी पुरवते. पत्ता अमेरिकेतला आहे, एवढेच कळले तर नकाशावर कोणता बिंदू द्यायचा? कंपनीने देशाच्या मध्याजवळचा सुटसुटीत बिंदू निवडला: ३८ अंश उत्तर, ९७ अंश पश्चिम. तो नेमका त्या शेतावर पडला. पुढे ६० कोटींहून अधिक आयपी पत्ते त्या एका बिंदूला जोडले गेले. ‘अमेरिकेत कुठेतरी’ याचा अर्थ लोकांनी ‘याच घरात’ असा घेतला. आपली यादी घर शोधण्यासाठी नाहीच, असे कंपनीने सांगितले आणि नंतर तो बिंदू विचिटा शहराच्या पश्चिमेकडच्या एका जलाशयात हलवला.

मला यात मोठा दोष दिसतो तो मांडणीचा. अशा याद्यांमध्ये अंदाज किती किलोमीटरपर्यंत चुकू शकतो, याचा आकडाही देता येतो. नकाशा काढताना तो वगळला की उरतो फक्त टोकदार ठिपका, आणि ठिपका पाहून खात्री वाटू लागते. त्या जागी पाचशे किलोमीटर त्रिज्येचे फिकट वर्तुळ काढले असते, तर कोणी त्या घराचे दार ठोठावले नसते. म्हणून वाचकांचा नकाशा पाहताना देशावर बराच विश्वास ठेवावा, शहराला अंदाज समजावे आणि आयपी पत्त्यावरून कोणाचे घर गाठू नये. नकाशे बनवणाऱ्यांनीही जिथे माहिती नाही, तिथे तसे स्पष्ट लिहावे.