दोन ओहमची खोटी साक्ष

गाडीची मूळ सीट काढून तिथे रेसिंग सीट बसवणं हे वरवर पाहता चार बोल्टचं काम. जुनी सीट बाहेर येते, नवी बसते, आणि जुनीच्या खालून आलेल्या वायरी जमिनीवर लोंबत राहतात. त्यातल्या एका जोडणीचा रंग ठळक पिवळा असतो. गाडी सुरू केली की डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा लागतो आणि विझायचं नावच घेत नाही.

यावरचा प्रचलित उपाय अगदी स्वस्त आहे. पिवळ्या जोडणीत साधारण दोन ओहमचा एक रेझिस्टर खोचायचा. दिवा विझतो. पण यात नेमकं काय दुरुस्त झालं, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

व्हँकुव्हरकरांसाठी तर नक्कीच, कारण या परिसराला मोटर रेसिंगचा नाद जुना आहे. कोक्विटलममधला वेस्टवुडचा ट्रॅक 1959 साली सुरू झाला आणि 1990 मध्ये बंद पडला. आता हौशी मंडळी फ्रेझर नदीकाठच्या मिशन रेसवे पार्कला जातात. यातल्या अनेकांकडे एकच गाडी असते. रविवारी ट्रॅकवर धावलेली गाडी सोमवारी ऑफिसला आणि संध्याकाळी मुलांना आणायला जाते. खरा प्रश्न आहे तो या दुहेरी आयुष्य जगणाऱ्या गाडीचा.

सीट हे नुसतं फर्निचर नव्हे

बाजूने येणाऱ्या धडकेसाठीची एअरबॅग पहिल्यांदा बाजारात आणली व्होल्वो कंपनीने, 1994 मध्ये, आपल्या 850 या गाडीत. ती दारात न बसवता सीटच्या पाठीत बसवली होती. कारण सरळ आहे: सीट पुढे-मागे सरकते. एअरबॅग सीटमध्येच असेल तर माणूस कुठेही बसला तरी ती त्याच्या बरगड्यांशेजारीच राहते.

शिवाय बाजूच्या धडकेत वेळ फार कमी मिळतो. समोर इंजिनाची बाजू चेपायला निदान थोडी जागा असते. बाजूला दार आणि शरीर यांच्यात असतात जेमतेम 30 सेंटिमीटर. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटर. या वेगाने 30 सेंटिमीटर कापायला लागतात अंदाजे 21 मिलिसेकंद. आपली पापणी एकदा लवायला याच्या पाचपट तरी वेळ लागतो. एवढ्यात धडक ओळखायची, निर्णय घ्यायचा आणि पिशवी फुगवायची.

आजकालच्या सीटमध्ये किंवा सीटला जोडून एवढ्यावरच भागत नाही. बेल्टचं बक्कल बऱ्याच गाड्यांत सीटलाच जोडलेलं असतं. त्यात बेल्ट लावला की नाही हे सांगणारा स्विच असतो आणि काही गाड्यांत धडकेच्या क्षणी बेल्ट आवळणारं स्फोटक यंत्रही असतं. सीट स्टिअरिंगच्या किती जवळ आहे हे सांगणारा सेन्सर असतो. माणूस फार जवळ बसला असेल तर समोरची एअरबॅग कमी जोराने उघडते. शेजारच्या सीटखाली वजन ओळखणारी यंत्रणा असते. सीट काढली की हे सगळं एकदम गाडीबाहेर जातं.

दिवा काय विचारत असतो?

एअरबॅगच्या मुळाशी असतो एक छोटा पेटवा: एक बारीक तार आणि तिच्याभोवती चिमूटभर स्फोटक मसाला. तारेचा रोध असतो साधारण दोन ओहम. गाडीतला नियंत्रक या तारेतून सतत अगदी क्षीण प्रवाह सोडून रोध मोजत राहतो. उत्तर दोन ओहमच्या आसपास आलं तर सगळं जागेवर आहे. जोडणी तुटली तर रोध अनंत होतो आणि दिवा लागतो.

रेझिस्टर खोचल्यावर नियंत्रकाला पुन्हा अपेक्षित उत्तर मिळतं. त्याला फक्त आकडा कळतो. समोर एअरबॅग आहे की पाच पैशांचा कार्बनचा तुकडा, हे कळायचा त्याच्याकडे मार्गच नाही.

आता धडक झाली असं समजू. पेटवा पेटायला साधारण 1.2 अँपिअरचा प्रवाह 2 मिलिसेकंद पुरतो. शाळेत शिकलेलं सूत्र लावा: प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध गुणिले वेळ. उत्तर येतं सुमारे 6 मिलिज्यूल. नियंत्रक आपलं काम चोख करतो, योग्य क्षणी ही ऊर्जा पाठवतो. ज्या ऊर्जेने पिशवी फुगायची, तिने रेझिस्टर किंचित कोमट होतो. बस्स.

रेझिस्टरची बाजू

तरीही रेझिस्टर वापरणारा प्रत्येक जण मूर्ख असतो असं नाही. त्यांचा एक मुद्दा दमदार आहे. काही गाड्यांत एक दोष नोंदला गेला की नियंत्रक एअरबॅगची सगळीच यंत्रणा बंद ठेवतो, काहींत फक्त तेवढा भाग. म्हणजे एका सीटमुळे स्टिअरिंगमधली चांगली एअरबॅगही निकामी होऊ शकते. शिवाय दिवा कायम जळत असेल, तर उद्या दुसरीकडे खराखुरा दोष आला तरी कळणार नाही. रेझिस्टर लावला की बाकीची यंत्रणा जागी होते आणि दिव्याला पुन्हा अर्थ येतो.

हे खरं आहे. म्हणजे रेझिस्टर एक खरी गोष्ट परत मिळवून देतो आणि त्यासाठी एक खोटं बोलतो. ज्याने तो लावला त्याला ते खोटं ठाऊक असतं. अडचण ही की ते ठाऊक असणारा तो एकटाच.

शेजारच्या सीटचं प्रकरण याहून गंभीर आहे. तिथली वजनाची यंत्रणा मूळ सीटच्या गादीशी जुळवलेली असते. तिच्या जागी 'इथे प्रौढ माणूस बसला आहे' असा संदेश कायम पाठवणारी उपकरणं मिळतात. त्या सीटवर उद्या लहान मूल बसलं, तर एअरबॅग प्रौढासाठीच्या जोराने त्याच्या तोंडावर उघडेल. इथे हरवलेलं संरक्षण हा प्रश्नच नाही. संरक्षणाचं साधनच घातक होतं. हा उपाय रस्त्यावरच्या गाडीत कुठल्याच कारणासाठी करू नये.

रेसिंग सीट स्वतः वाईट नसते. पण ती एका संचाचा भाग आहे: अनेक पट्ट्यांचा हार्नेस, हेल्मेट, मान धरून ठेवणारं साधन, भोवती पोलादी पिंजरा. तिचे उंच पंख हेल्मेट घातलेल्या डोक्यासाठी आखलेले असतात. एका संचातली सीट आणि दुसऱ्यातली एअरबॅग काढून टाकली, तर हाती दोन अर्धे संच राहतात आणि ते मिळून एक पूर्ण होत नाही.

चारोटीची आठवण

महाराष्ट्रातल्या वाचकांना हा प्रकार दुसऱ्या रूपात माहीत आहे. सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यातल्या चारोटीजवळ सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा अपघाती मृत्यू झाला. मागे बसलेल्या या दोघांनी बेल्ट लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं, आणि देशभर बेल्टची चर्चा सुरू झाली. त्या वेळी बाजारात बक्कलमध्ये खोचायच्या क्लिपा सर्रास मिळत होत्या. त्यांचा चारोटीशी संबंध नव्हता. त्यांचं काम एवढंच की बेल्ट न लावताही बेल्टची घंटी वाजू नये. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना त्या हटवायला लावल्या. क्लिप आणि रेझिस्टर ही एकाच कुळातली भावंडं: धोका तसाच ठेवून फक्त इशारा गप्प करायचा.

मग करायचं काय?

गाडी फक्त ट्रॅकवरच चालणार असेल तर प्रश्न वेगळा. तिला पूर्ण रेसिंग संच द्या. रस्त्यावरही चालणार असेल तर मूळ सीट जपून ठेवा आणि ट्रॅकचा दिवस संपला की परत बसवा. नवीच सीट कायम हवी असेल तर आतच एअरबॅग असलेली आणि आपल्या गाडीसाठी मान्य असलेली सीट मिळते का ते बघा. मूळ तीन-बिंदू बेल्ट आणि त्याचं बक्कल मात्र कोणत्याही परिस्थितीत काढू नका.

हात घालण्यापूर्वी बॅटरी सोडवा आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा. बॅटरी तुटली तरी धडकेत उपयोगी पडावी म्हणून नियंत्रकाच्या कपॅसिटरमध्ये ऊर्जा साठवलेली असते. पेटव्याचा रोध साध्या मल्टिमीटरने कधीही मोजू नका; मीटरचा स्वतःचा प्रवाहही त्याला पेटवू शकतो. काढलेली सीट हीसुद्धा भरलेली बंदूक समजा. यातलं काही अनोळखी वाटत असेल तर काम जाणकार मेकॅनिककडे द्या.

आणि शेवटचा मुद्दा नव्याने आलेल्यांसाठी. इथे आल्यावर पहिली गाडी बहुतेकांची जुनीच असते. ब्रिटिश कोलंबियात खासगी गाड्यांची दरवर्षी सक्तीची सुरक्षा तपासणी होत नाही. 2014 अखेर बंद झालेली एअरकेअर चाचणीही फक्त धुराची होती. म्हणजे सीटखाली कुणी डोकावलंच नसेल, ही शक्यता मोठी. गाडी बघायला जाल तेव्हा इग्निशन चालू करून एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझतो ना, ते पाहा. मुळीच लागत नसेल तर संशय घ्या. मग टॉर्च घेऊन सीटखाली बघा: पिवळी जोडणी सीटमध्ये जाते की एका छोट्या तुकड्याशी संपते? सीट मूळच्या नसतील तर मूळच्या कुठे आहेत, हे विकणाऱ्याला विचारा.

विकणारे तुम्ही असाल, तर हे सगळं न विचारता सांगा, आणि विक्रीच्या कागदावर लिहूनही द्या. नियंत्रकाला दिलेलं खोटं उत्तर गाडीसोबत पुढच्या मालकाकडे जातं. ते खोटं आहे ही माहितीही त्याच्यासोबत जायला हवी.